जगातली एकमेव प्रत

आमच्या कॉलेजचं ग्रंथालय जगाशी जोडलं गेलं ते मूल्यांकन समितीच्या भीतीनं. समितीच्या फॉर्मात ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ असा एक रकाना होता आणि त्यात लिहायला आमच्याकडे काही नव्हतं. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, तुमच्या लायब्ररीत काही आंतरराष्ट्रीय आहे का?”

“एक ॲटलास आहे सर,” मी म्हटलं. ते हसले नाहीत.

जळगावच्या त्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. निवृत्तीला आता फार वर्षं उरलेली नाहीत. प्राचार्यांना हवं होतं ते मीच शोधून काढलं. जगातल्या बऱ्याच देशांची ग्रंथालयं मिळून एक सामायिक सूची चालवतात. प्रत्येकानं आपल्याकडच्या पुस्तकांची नोंद त्यात करायची, म्हणजे कुठलं पुस्तक कुठल्या गावात आहे ते कुठेही बसून कुणालाही कळतं. कल्पना मला मनापासून आवडली. लहान ग्रंथालयांना प्रवेश सोपा होता. आम्ही सभासद झालो, प्राचार्यांनी रकाना भरला आणि नोंदी करायचं काम माझ्याकडे आलं.

नियम असा होता की पुस्तक हातात घ्यायचं, आतली पानं पाहायची, प्रस्तावना चाळायची आणि मग नोंद करायची. पण तो मे महिना होता. मेमध्ये जळगावात पुस्तकांच्या पत्र्याच्या कपाटाला हात लावला तर चटका बसतो. मी कपाटं उघडलीच नाहीत. खिडकीवर ओला पडदा टाकला, जुनं ॲक्सेशन रजिस्टर समोर घेतलं आणि त्यावरून टाइप करत सुटले. त्या रजिस्टरात कॉलेजात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते. आलेल्या, एवढंच. गेलेल्यांचं ते काही सांगत नाही.

त्यात एक पातळ पुस्तक होतं. खान्देशातल्या शेतीच्या अहिराणी शब्दांचा संग्रह, एका शाळामास्तरांनी गोळा केलेला, धुळ्याच्या छापखान्यात छापलेला. भाषेच्या रकान्यात यादीतून भाषा निवडायची होती. मी ‘मराठी’वर बोट नेलं, मग वाटलं, हे बरोबर नाही. यादीत थोडं वरखाली पाहिलं. अहिराणी दिसली नाही. शेवटी ‘इतर’ निवडलं आणि पुढच्या पुस्तकाकडे वळले. उकाड्यात माणूस ‘इतर’वर लवकर समाधान मानतो.

पुढे पाच-सहा महिन्यांनी एक ईमेल आली. उत्तर युरोपातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथपाल बाईंची. सुरुवात ‘प्रिय सहकारी’ अशी. नोकरीला लागल्यापासून मला कुणी सहकारी म्हटलं नव्हतं. आमच्याकडे प्राध्यापक सहकारी असतात, ग्रंथपाल म्हणजे चावी. बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्याकडे जगभरच्या शेतीच्या शब्दांवर काम चाललं आहे आणि आमच्याकडचं हे पुस्तक सूचीत दुसऱ्या कुठल्याच ग्रंथालयानं नोंदवलेलं नाही. बहुधा जगातली ही एकमेव प्रत असावी. तिच्या पानांची छायाचित्रं मिळतील का?

मी ती ईमेल प्राचार्यांना दाखवली. ही माझी दुसरी चूक. त्यांनी तिची रंगीत प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली, वार्ताहराला बोलावलं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: ‘जगातील एकमेव प्रत जळगावात’. फोटोत प्राचार्य होते, मी होते, मागे पुस्तकांचं कपाट होतं. पुस्तक फोटोत नव्हतं. मी ते आणायला गेले तेव्हा वार्ताहराला घाई होती, आणि मला ते सापडलं नव्हतं.

दिवसभर शोधलं. शेतीच्या कपाटात, भाषेच्या कपाटात, बांधणीला काढलेल्या गठ्ठ्यात. नव्हतंच. संध्याकाळी मी खुर्चीत बसून बाईंना काय लिहावं याचा विचार करत होते. जगाला आपल्याकडे एक वस्तू असल्याचं सांगितलं आणि ती नाही, हे इंग्रजीत सभ्यपणे कसं सांगतात?

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयाचा फोन वाजला. पलीकडून एक म्हातारा, खणखणीत आवाज.

“कॉलेजनी लायब्ररी का? तुमना आठे जगमातली एकच प्रत शे म्हने?”

“हो,” मी म्हटलं. पेपरातच छापून आलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती.

“मंग मनाजोडे काय शे?”

मी उभी राहिले. मग त्यांनी स्वच्छ मराठीत खुलासा केला. ते धुळ्याच्या पलीकडे, साक्री रस्त्यावरच्या एका गावात राहणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक. तरुणपणी आमच्या कॉलेजातून बाहेरून परीक्षा देत असताना त्यांनी ते पुस्तक घरी नेलं होतं. आमचा शिक्का असलेलं पुस्तक त्यांच्या पेटीत होतं आणि आमच्याकडे फक्त बातमी होती.

मी रजा टाकली आणि एस.टी.नं निघाले. एरंडोल, पारोळा, धुळे, तिथून दुसरी गाडी. घर रस्त्यालगतच होतं. ओट्यावर पांढरा सदरा घातलेले, ताठ बसलेले आजोबा. गावात सगळे त्यांना आबा म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. सुनेनं पाणी दिलं, चहा टाकला.

“ताई, आधी एक सांगतो,” आबा म्हणाले. “मी पुस्तक चोरलं नाही. परत करायचं राहिलं.”

“किती वर्षं राहिलं, आबा?”

“मोठा मुलगा रांगत होता तेव्हा आणलं. आता त्याचा मुलगा कॉलेजला आहे.”

मग ते आत गेले आणि कापडात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन आले. पानं पिवळी पडली होती, पण एकही फाटलेलं नव्हतं. आमच्या कपाटात राहिलं असतं तर वाळवीनं केव्हाच संपवलं असतं, हे मला कबूल करावं लागलं. मनातल्या मनात. उघडून पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक पानावर निळ्या पेनानं काहीतरी लिहिलेलं. ‘झिरा’ या शब्दासमोर छापलं होतं ‘लहान विहीर’. त्यावर काट मारून आबांनी लिहिलं होतं, ‘विहीर नव्हे. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत हातानं उकरलेला पाण्याचा खड्डा. दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरावा लागतो.’

“ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहायचं नसतं, आबा,” मी सवयीनं म्हटलं.

“चुकीचं छापायचं असतं का?”

मग त्यांनी प्रस्तावना काढली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. संग्राहक मास्तरांनी बऱ्याच जणांचे आभार मानले होते, मामलेदारांपासून छापखान्याच्या मालकापर्यंत, सगळ्यांचे नावानिशी. शेवटी होतं, ‘एका शेतकरी बाईंचेही साहाय्य झाले.’

“ती शेतकरी बाई म्हणजे मनी माय,” आबा म्हणाले. आवाज तसाच होता, पण भाषा बदलली होती. “गुरुजी दर सुट्टीत वही घेऊन यायचे. ती शेतात निंदायला बसायची आणि हे बांधावर. ती सांगायची, ते लिहायचे. मी लहान होतो, पाण्याची कळशी घेऊन उभा असायचो. निम्म्याहून जास्त शब्द तिचे आहेत. नाव लिखाले जागा नही व्हती का?”

एवढ्यासाठीच त्यांनी पुस्तक परत केलं नव्हतं. परीक्षा झाली, पदवी मिळाली, पण ते पुस्तक पुन्हा कपाटात नेऊन ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं.

मी त्यांना सूचीविषयी सांगितलं. आता हे शब्द सगळ्या जगाला कळणार आहेत वगैरे. मोबाइलवर आमची नोंदही दाखवली. आबांनी चष्मा लावून ती ओळ न ओळ वाचली, आणि भाषेच्या रकान्यापाशी थांबले.

“इतर? इतर म्हंजे काय? आपन इतर शेतस का?”

“परदेशी लोकांची यादी आहे, आबा,” मी म्हटलं. “त्यांना अहिराणी कुठून ठाऊक असणार?”

हे मी किती सहज म्हटलं, ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. माझ्या माहेरी सगळे अहिराणी बोलत. एरंडोलच्या शाळेत गेल्यावर मी ती सोडली, म्हणजे वर्गातल्या बाईंनी हसून हसून सोडायला लावली. आबांच्या ओट्यावर मी त्यांचं सगळं समजत होते आणि उत्तरं मात्र पुस्तकी मराठीत देत होते.

आबांनी अट घातली. पुस्तकाचे फोटो इथंच, त्यांच्या समोर काढायचे. आणि जगाच्या त्या यादीत त्यांच्या आईचं नाव यायला हवं. “पुस्तक नेते म्हणाल तर मी नही देवाव.”

आम्ही ओट्यावरच उन्हात चादर अंथरली. सून पानं धरत होती, मी मोबाइलनं फोटो काढत होते आणि आबा एकेक पान पाहून ‘पुढे’ म्हणत होते. दोन पानांवर माझा अंगठा आला. तोही पुढे सूचीबरोबर जगभर गेला.

जळगावला आल्यावर मी बाईंना सगळं खरं लिहिलं: पुस्तक आमच्याकडे नव्हतं, ते एका वाचकाकडे होतं, त्यानं त्यावर लिहिलं आहे, त्याची अशी अट आहे. मला वाटलं, आता आमचं सभासदत्व जाणार. उत्तर आलं ते आनंदानं भरलेलं. पेनानं केलेल्या दुरुस्त्या हाच या प्रतीचा खरा ठेवा आहे, असं बाईंचं म्हणणं. ज्या गोष्टीसाठी आमच्याकडे विद्यार्थ्यांची ओळखपत्रं जप्त होतात, तिला तिकडे ठेवा म्हणतात, हे मी त्या दिवशी शिकले.

ईमेलच्या शेवटी एक ओळ होती. ‘भाषेच्या जागी चुकून इतर पडलं आहे का? अहिराणीला यादीत स्वतंत्र संकेत आहे, पुष्कळ वर्षांपासून. मी बदल केला तर चालेल ना?’

मी यादी उघडली. अहिराणी होती. अगदी वरच, इंग्रजी ‘ए’मध्येच. मी त्या दुपारी ‘एम’च्या आसपास शोधून थांबले होते. आम्हाला ‘इतर’ करणारं परदेशी कुणी नव्हतं, एरंडोलच्या शाळेत शिकलेली मीच होते.

हे मी फोनवर आबांना सांगितलं. न सांगता भागलं असतं, पण सांगितलं.

“म्हणजे त्यांना ठाऊक होती?” आबांनी विचारलं.

“हो.”

“आणि तुम्हाला?”

मी म्हटलं, “आबा, चुकलं.” मग ते म्हणाले, “दुरुस्त झालं ना? मग झालं.” शिक्षकांनी वही तपासल्यासारखं.

आईच्या नावाचं मात्र सोपं नव्हतं. बाईंनी फार हळुवारपणे लिहिलं की सूचीच्या नियमाप्रमाणे कुठल्याही नावाला आधार लागतो आणि तो आधार शक्यतो पुस्तकातच हवा. मुलाच्या सांगण्यावरून नाव घालता येत नाही. उद्या कुणीही कुणाचंही नाव घालील. नियम योग्य होता. मी स्वतः विद्यार्थ्यांना हेच शिकवते. आबांना मी तो जमेल तसा समजावला.

“पुस्तकात छापलेलं पाहिजे का लिहिलेलं चालेल?”

“नियमात पुस्तकात हवं एवढंच आहे,” मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला काय होणार ते कळलं.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला. आतलं पहिलं पान. संग्राहकाच्या छापील नावाखाली निळ्या पेनानं, शाळेच्या फळ्यावर काढतात तशा गोल अक्षरात: ‘शब्द सांगणारी’, आणि पुढे आईचं पूर्ण नाव. खाली आबांची सही. फोटोसोबत एक ओळ: ‘आता पुस्तकात आहे.’

ग्रंथपाल म्हणून मी संतापायला हवं होतं. जगातल्या एकमेव प्रतीच्या मुख्य पानावर एका थकबाकीदार वाचकानं पेन चालवलं होतं. मी तो फोटो तसाच बाईंना पाठवला.

त्यावर सूचीच्या समितीची बैठक झाली. व्हिडिओवर, वेगवेगळ्या देशांतली माणसं एकेका चौकटीत. मलाही बोलावलं होतं. प्राचार्य माझ्या शेजारी कोट घालून बसले. त्यांना स्क्रीनशॉट हवा होता. चर्चा फार गंभीर चालली. वाचकानं लिहिलेली ओळ पुस्तकाचा भाग धरायची का? एकच प्रत उरली असेल तर ती प्रत म्हणजेच पुस्तक, असं एका बाईंचं मत. एक टक्कल पडलेले गृहस्थ कान देऊन ऐकत होते, त्यांनी मला विचारलं, “हे लिहिणाऱ्या गृहस्थांचा पुस्तकाशी संबंध काय?”

“ते आमचे वाचक आहेत,” मी म्हटलं.

“पुस्तक त्यांच्याकडे केव्हापासून आहे?”

मी खरं सांगितलं. सगळ्या चौकटी एकदम हसल्या. जगातल्या ग्रंथपालांना जोडणारी गोष्ट सामायिक सूची नसून न परत केलेली पुस्तकं आहेत, असं मला त्या क्षणी वाटलं. प्राचार्य तेवढे हसले नाहीत, त्यांनी मला हळूच विचारलं, “दंड लावला होता ना?”

निर्णय झाला. नाव सूचीत जाईल, ‘शब्द सांगणारी’ म्हणून, आणि शेजारी टीप: ‘एकमेव ज्ञात प्रतीवरील हस्तलिखित नोंदीनुसार.’ पुस्तकाची पानंही बाईंच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढली. मी लगेच आबांना दुवा पाठवला. तासाभरात फोन आला.

“ताई, हे उघडत नाही. इंग्रजीत लिहून येतंय, तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.”

माझ्याकडेही तेच आलं. बाईंना विचारलं, तर त्या फार ओशाळल्या. संग्राहकांच्या वारसांची परवानगी नसल्यानं पुस्तक सध्या त्यांच्या वाचनकक्षातच दिसतं. तिथं प्रत्यक्ष जाणाऱ्याला. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते पुन्हा अहिराणीवर आले. “पुस्तक मनाजोडे, शब्द मनी मायना, अन् दखाले मी परदेशमा जाऊ?”

वारस शोधणं आलं. मास्तर तर केव्हाच गेले होते, पण त्यांची मुलगी फैजपूरला दिली होती, एवढं आबांना माहीत होतं. मी गेले. केळीच्या बागांच्या कडेला नवीन बांधलेलं घर होतं. सत्तरीच्या पुढच्या अक्का, गुडघे धरून उठणाऱ्या. वडिलांच्या पुस्तकाचं नाव काढल्यावर त्या एकदम खुर्चीत बसल्या.

“माझ्याकडे एकही नाही हो,” त्या म्हणाल्या. “भावानं घर रिकामं केलं तेव्हा सगळे गठ्ठे रद्दीत गेले. मी सासरी होते.”

मी मोबाइलवर फोटो दाखवले. त्या पानं पाहत गेल्या आणि पहिल्या पानावरच्या निळ्या अक्षरांशी थांबल्या. मला धास्ती वाटली. मेलेल्या वडिलांच्या पुस्तकावर कुणीतरी परस्पर दुसरं नाव लिहिलं होतं.

“ही बाई मला आठवते,” अक्का सावकाश म्हणाल्या. “मी एकदा बाबांबरोबर गेले होते. तिनं मला भुईमुगाच्या शेंगा दिल्या होत्या. बाबांना नाव ठाऊक होतं. घरी रोज घ्यायचे ते तिचं नाव.” मग जरा थांबून, “पुस्तकात का नाही घातलं, ते आता कुणाला विचारू?”

त्यांनी इंग्रजी फॉर्मवर मराठीत सही केली. मग आबांचा नंबर मागितला आणि माझ्यासमोरच लावला. पहिल्यांदा दोघंही एकदम बोलले, मग दोघंही थांबले. अक्का एवढंच म्हणाल्या, “भाऊ, माझ्या बाबांचं चुकलं.” आबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण नंतर दोघं बराच वेळ शेंगांविषयी बोलत होते.

पुढे आठवड्याभरात पुस्तक सगळीकडे उघडलं, धुळ्यातही. आबांनी पुस्तक परत आणून दिलं, स्वतः, नातवाच्या गाडीवरून जळगावपर्यंत. प्राचार्यांनी शाल दिली. पुस्तक आता माझ्या टेबलामागच्या कुलूपबंद कपाटात आहे आणि नियमानुसार कुणालाही घरी देता येत नाही. ते सर्वात जास्त वाचलं गेलं ती वर्षं त्याची हरवलेली वर्षं होती.

त्याच दिवशी आबांना मी सूचीतलं आईच्या नावाचं पान उघडून दाखवलं. प्रत्येक व्यक्तीला असं पान असतं. तिच्या नावाखाली तिची पुस्तकं. आईच्या नावाखाली एक होतं. नाव रोमन लिपीत, वरखाली टिंबं आणि रेघा दिलेलं.

“हे एल खाली टिंब कसलं?”

“ळ आहे तो, आबा.”

ते हसायला लागले. आमच्याकडे अहिराणीत ळ नसतोच, त्याचा य होतो. धुळ्याला गावात ‘धुये’च म्हणतात. “तिच्या नावात ळ आहे हे तिला कधी माहीतच नव्हतं,” आबा म्हणाले. “तिला सगळे य लावूनच हाक मारायचे. ती पण तेच सांगायची.”

मी बाईंना तसं कळवलं. त्यांनी उलट टपाली लिहिलं की काही अडचण नाही, सूचीत नावाच्या दुसऱ्या रूपासाठी वेगळा रकाना आहे. आबांना विचारलं, कुठलं वर ठेवायचं?

“ळ वर राहू द्या,” ते थोडा विचार करून म्हणाले. “शाळेत गेली असती तर तसंच लिहिलं असतं तिनं. पण घरचं पण घाला.”

आता दोन्ही आहेत. कुठल्याही नावानं शोधलं तरी ती सापडते.